घेरिया, गिर्ये आणि ‘बट’ : एका सांध्याच्या नावाचा प्रवास

१/
१७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी कोकण किनाऱ्यावरचा एक बलाढ्य जलदुर्ग जिंकला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘घेरिया’ असे येते. मराठी कागदांत त्या नावाचा किल्ला सापडत नाही, कारण तो किल्ला म्हणजे विजयदुर्ग. ‘घेरिया’ हा शेजारच्या गिर्ये गावाच्या नावाचा अपभ्रंश. गावाचे नाव घसरत घसरत किल्ल्यावर जाऊन बसले आणि परक्या दप्तरांत तेथेच राहिले.

२/
शब्दांची अशी घसरण इतिहासात नेहमी होते. वस्तूला नाव नसले किंवा नाव ठाऊक नसले, की तिला चिकटून असलेल्या दुसऱ्या वस्तूचे नाव तिला मिळते. गावाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. अभ्यासकाची एखादी दुपार वाया जाते, इतकेच. पोलादाच्या बाबतीत मात्र बिघडते. पोलादी इमारती, पूल आणि जहाजे जोडणाऱ्या जगात ‘बट वेल्ड’ या शब्दाने असाच घोळ घातला आहे. आणि त्या घोळाचे मूळ शोधत गेले, तर वाट पुन्हा जहाजाच्या गोदीतच येऊन पोहोचते.

३/
गोदीपासूनच सुरुवात करावी. विजयदुर्गाच्या खाडीत आत शिरल्यावर गिर्ये गावाजवळ आंग्रेकालीन गोदी आहे. लांबी सुमारे ३५५ फूट, रुंदी सुमारे २२७ फूट. काही भाग दगडी बांधकामाचा, पुष्कळसा खडक फोडून काढलेला. आंग्र्यांच्या आरमाराची गुराबे आणि गलबते येथे आसऱ्याला आणि डागडुजीला येत. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचे, क्वचित तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. इंग्रज इतिहासकार ऑर्मच्या नोंदीनुसार तीन डोलकाठ्यांची गुराबे सुमारे तीनशे टनांची असत, तर दोन डोलकाठ्यांची साधारण दीडशे टनांची.

४/
१२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रजांचा एक तोफगोळा तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे कंपनीचेच, आंग्र्यांनी पकडून आणलेले. त्याला लागलेली आग शेजारी बांधून ठेवलेल्या गुराबांत पसरली आणि आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. या प्रकरणी पेशव्यांना दोष द्यावा की तुळाजींना, हा वाद मराठी वाचकांना नवा नाही. येथे तो उकरून काढण्याचे कारण नाही. येथे प्रश्न वेगळा आहे. ती जहाजे जोडलेली कशी असत?

५/
लाकडी जहाजाचे अंग म्हणजे फळ्यांचे कातडे. आत कणा, कण्यावर फासळ्या, आणि फासळ्यांवर बाहेरून ठोकलेल्या फळ्या. कोणतीही फळी जहाजाच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अखंड पुरत नाही. त्यामुळे दोन प्रकारचे सांधे अटळ होतात : वरच्या फळीची कड खालच्या फळीच्या कडेला मिळते तो लांबच लांब सांधा, आणि एक फळी संपून दुसरी सुरू होते तो टोकाचा आखूड सांधा.

६/
इंग्रज सुतारांनी या दोहोंना दोन वेगळी नावे दिली होती. लांब सांधा ‘सीम’, टोकाचा सांधा ‘बट’. बट म्हणजे लाकडाचे जाड टोक. मराठीत त्याला बुडखा हा शब्द आहे. एका फळीचा बुडखा दुसऱ्या फळीच्या बुडख्याला भिडला, म्हणजे बट झाला. टोकाचे खिळे ढिले होऊन फळीचे टोक फासळीवरून उचकटले, तर समुद्र थेट आत शिरे. खलाशांच्या दृष्टीने ही गळती सर्वांत धोक्याची. म्हणून लगतच्या ओळींमधले बट कधीही एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, ते पुढेमागे सरकवायचे, असा युरोपीय जहाजबांधणीचा कडक नियम होता. गवंडी भिंतीत विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच हे.

७/
लक्षात घ्यावे की येथे ‘बट’ या शब्दाचा अर्थ केवळ एवढाच : दोन तुकडे कुठे आणि कसे भेटतात. ते कशाने धरून ठेवले आहेत, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही. धरून ठेवणारे खिळे वेगळे. फटीत ठासलेले जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू आणि वर ओतलेले डांबर वेगळे. भेटीचे नाव एक, बंधनाचे नाव दुसरे. पुढची सारी गुंतागुंत ही साधी वाटणी विसरल्यामुळे झाली.

८/
भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची रीत याहून निराळी होती. १७५० मध्ये मुंबईत आलेल्या जॉन हेन्री ग्रोस या इंग्रजाने आपल्या प्रवासवर्णनात (ते १७५७ साली लंडनला छापले गेले) इकडच्या जहाजांचे वर्णन केले आहे. त्याला विशेष वाटले ते फळ्यांच्या कडांचे. युरोपात सपाट कड सपाट कडेला लावून मधली फट भरत. येथे एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरीची कड तीत बसवत. त्यामुळे पाणी आत येण्यास सरळ वाटच राहत नसे. गुजरात-कच्छच्या कारागिरांत या जोडणीला ‘वधेरा’ म्हणतात. दोन कडांमध्ये कापसाचा पातळ थर आणि राळेल घालून फळी घट्ट बसवली जाई.

९/
ही रीत वेळखाऊ होती. फट राहू न देता इतकी लांब कड तासायची म्हणजे फळी पुन्हा पुन्हा लावून पाहायची, काढायची, तासायची. युरोपीय गोदीत हे परवडण्यासारखे नव्हते. पण सागाचे लाकूड टिकाऊ, आणि कारागिराचे मोल दुर्दैवाने कमी. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया याच किनाऱ्याच्या सुतारकामात घडलेले होते. त्यांच्या वंशजांच्या हाताखाली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

१०/
खाचेच्या या जोडणीत एक मुद्दा दडलेला आहे, तो पुढे उपयोगी पडेल. दोन फळ्या कडेला कड लावून भेटतात, ही झाली भेट. पण कड सपाट ठेवायची, की तिरकी तासायची, की खाच पाडायची, ही झाली कडेची तयारी. भेट तीच, तयारी वेगळी, आणि त्यामुळे ताकद वेगळी. म्हणजे भेट, तयारी आणि बंधन अशा तीन स्वतंत्र गोष्टी झाल्या. सुताराच्या हाताला हा फरक पक्का ठाऊक होता, कारण तो तिन्ही कामे तीन वेगळ्या हत्यारांनी करी.

११/
लाकूड गेले, लोखंड आले. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी जहाजांत फळ्यांच्या जागी पत्रे आणि खिळ्यांच्या जागी रिव्हेट आले. शब्द मात्र जुनेच राहिले. पत्र्यांच्या लांब कडा बहुधा एकमेकींवर चढवून रिव्हेट मारीत. टोके समोरासमोर भिडवून मागे एक पट्टी लावीत आणि त्या पट्टीतून रिव्हेट मारीत. तिला ‘बट स्ट्रॅप’, म्हणजे बुडख्याची पट्टी, असे नाव पडले. अजूनही घोटाळा नव्हता. पट्टी वेगळी, रिव्हेट वेगळे आणि बट वेगळा.

१२/
घोटाळ्याचे बीज लोहाराच्या भट्टीत पडले. लोखंडाची दोन टोके पांढरी तापवून घणाखाली एकजीव करणे, ही वेल्डिंगची प्राचीन रीत. तुकडे एकावर एक चढवून ठोकले तर लॅप वेल्ड, समोरासमोर दाबले तर बट वेल्ड. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस या इंग्रजाने तापलेल्या लोखंडी पट्टीच्या कडा वळवून, भिडवून, दाबून नळी बनविण्याचे पेटंट घेतले. वायूच्या दिव्यांसाठी अशा नळ्या मैलोगणती लागत होत्या. ‘बट वेल्ड नळी’ हा शब्द व्यापारात रूढ झाला. येथे भेट आणि बंधन प्रथमच एका नावात आले. पण ते चुकीचे नव्हते. बाहेरून कोणताही धातू येत नव्हता, खाच नव्हती. दोन कडा भिडल्या आणि त्याच भिडण्यातून जोड झाला. भेट हेच बंधन होते.

१३/
नंतर विजेची ठिणगी आली. १८८० च्या दशकात बेनार्दोस याने कार्बनच्या कांडीने धातू वितळवून दाखवला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर चेलबर्ग याने लेप दिलेला रॉड आणला. १९२० साली इंग्लंडमधील बर्कनहेड येथे ‘फुलॅगर’ हे रिव्हेटशिवाय, संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले सागरी जहाज पाण्यात उतरले.

१४/
या नव्या वेल्डिंगमध्ये रॉडचा धातू वितळून सांध्यात भरतो. जाड प्लेटी नुसत्या भिडवल्या, तर ठिणगीची उष्णता वरवरचे काही मिलिमीटर वितळवते आणि आत प्लेटी तशाच सुट्या राहतात. म्हणून कडा तिरक्या कापाव्या लागतात. दोन तिरक्या कडांमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होते, आणि ती तळापासून थराथराने भरत वर यायचे. वर्कशॉपच्या मराठीत याला ‘व्ही काढणे’ किंवा ‘बेव्हल मारणे’ म्हणतात. म्हणजे बंधन आता खाचेत भरलेल्या धातूचे झाले. भेटीपासून ते पुन्हा वेगळे झाले. नाव मात्र भट्टीच्या काळातले तसेच राहिले : बट वेल्ड.

१५/
येथून दोन वाटा फुटल्या. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने (स्थापना १९१९) नावांची स्वच्छ वाटणी केली. सांध्याचे प्रकार पाच : बट, कोपरा, टी, लॅप आणि कडा. वेल्डचे प्रकार स्वतंत्र : त्यांत खाचेतला तो ‘ग्रूव्ह वेल्ड’, आतल्या कोनात त्रिकोणी भरलेला तो ‘फिलेट वेल्ड’, इत्यादी. बट हे सांध्याचे नाव. वेल्डला ते लावायचे नाही. त्यांच्या शब्दसंग्रहात ‘बट वेल्ड’ या शब्दापुढे ‘अमान्य संज्ञा’ असा शेराच आहे.

१६/
ब्रिटनने जुना शब्द सोडला नाही. उलट तो ताणला. फिलेट नव्हे, आणि कडा तयार करून प्लेटीच्या जाडीत आरपार किंवा अर्धवट शिरणारा, असा जो वेल्ड तो बट वेल्ड, अशी तेथली समजूत. मग प्लेटी एका पातळीत असोत वा काटकोनात. एक प्लेट दुसरीवर उभी राहून इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा झाला आणि उभ्या प्लेटीची कड तिरकी कापून भरली, तरी ब्रिटिश आणि आता युरोपीय परिभाषेत तो ‘टी-सांध्यातला बट वेल्ड’. अमेरिकन इंजिनिअरला हे वाक्य ऐकताना ‘काटकोनातली सरळ रेषा’ ऐकल्यासारखे वाटते. जर्मनांनी भेटीसाठी ‘श्टोस’ आणि वेल्डसाठी ‘नाट’ असे दोन शब्द वेगळे ठेवले, त्यामुळे त्यांचे डोके तुलनेने शांत राहिले.

१७/
भारताच्या वाट्याला दोन्ही आले. स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय मानके ब्रिटिश घडणीची. सौम्य पोलादाच्या वेल्डिंगचे आयएस ८१६ आणि पोलादी बांधकामाचे आयएस ८०० हे दोन्ही ‘बट वेल्ड’ म्हणतात. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत मात्र तीच गोष्ट ‘ग्रूव्ह वेल्ड’ म्हणून शिकवली जाते. त्यातच भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने, राउरकेलाचा जर्मन मदतीने आणि दुर्गापूरचा ब्रिटिश मदतीने उभा राहिला. मुंबईच्या माझगाव गोदीतून १९७२ साली नौदलात आलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका ब्रिटिश ‘लिअँडर’ आराखड्यावरची. प्रत्येक आराखड्याबरोबर त्याची परिभाषाही आली, आणि शेवटी ती सगळी एकाच वेल्डरच्या कानावर पडली.

१८/
याचा परिणाम काय होतो, ते एका साध्या चित्रावरून कळेल. २० मिलिमीटर जाडीची प्लेट एका खांबाच्या अंगावर काटकोनात उभी जोडायची आहे. ड्रॉइंगवर शेरा एवढाच : ‘बट वेल्ड’. ब्रिटिश वळणाचा फिटर समजतो की कड तिरकी कापून पूर्ण जाडी भरायची. अमेरिकन पुस्तकावर वाढलेला तरुण इंजिनिअर समजतो की बट म्हणजे एका पातळीतला सांधा, सबब हा शेरा दुसऱ्याच कुठल्या जोडाचा असावा. तिसरा कुणी कड न कापताच प्लेट भिडवतो, कारण बट म्हणजे भिडवणे; आणि दोन्ही बाजूंनी एकेक फिलेट मारून मोकळा होतो. तिन्ही जोड बाहेरून पाहिले, ग्राइंडर मारून रंग दिला, की सारखेच दिसतात.

१९/
आतून ते सारखे नसतात. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीनुसार पूर्ण भेदाचा बट वेल्ड असेल, तर त्याची प्रभावी जाडी जोडलेल्या प्लेटींपैकी पातळ प्लेटीइतकी धरतात. म्हणजे सांधा जणू अखंड पोलादच. भेद अर्धवट असेल, तर जेवढा धातू खरोखर दोन्ही बाजूंना एकजीव झाला आहे तेवढाच हिशेबात येतो. तिसऱ्या चित्रात मधला बहुतेक भाग केवळ टेकलेला आहे. हिशेब करणाऱ्याने २० मिलिमीटर धरले, आणि ओढ येईल तेव्हा भार वाहणार तो दोन फिलेटांचा गळा. गोदीच्या भाषेत सांगायचे, तर बुडखे भिडलेले दिसतात, खिळे मारलेलेच नाहीत.

२०/
सांध्याच्या आत काय आहे, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे विसाव्या शतकाने दोनदा तरी स्पष्ट दाखवले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, सदोष वेल्ड आणि ताण एकवटणारे काटकोनी कोपरे अशी कारणे त्या काळच्या वेल्डेड जहाजांच्या तपासांत पुढे आली. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी येऊन थांबे. वेल्डेड जहाज म्हणजे एकच अखंड पत्रा. तड्याला अडवणारी सीम उरलीच नव्हती. उपाय म्हणून पुढे काही जहाजांवर तडा अडवण्यासाठी मुद्दाम रिव्हेट मारलेल्या पट्ट्या बसवण्यात आल्या. ज्या सांध्याला जहाजाचे दुबळे अंग समजत होते, तोच त्याचा बांधही होता.

२१/
दुसरा प्रसंग इमारतींचा. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे भूकंप झाला. पोलादी सांगाड्यांच्या इमारती कोसळल्या नाहीत, पण नंतर आवरणे काढून पाहिली तेव्हा तुळई आणि खांब यांच्या जोडांत तडे सापडले. हे जोड टी-सांध्यातले, पूर्ण भेदाचे. म्हणजे अमेरिकन भाषेत ग्रूव्ह वेल्ड आणि ब्रिटिश भाषेत बट वेल्ड. वितळता धातू खाली सांडू नये म्हणून खाचेच्या तळाशी लावलेली पट्टी तशीच ठेवली जाई. ती पट्टी आणि खांब यांच्यातली बारीक फट तड्याला सुरुवात करून देण्यास पुरेशी ठरली. वेल्डच्या धातूची चिवटताही अपुरी होती. या आपत्तीचे कारण परिभाषा नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण एका पातळीतल्या बट सांध्याला जे चालून जाते ते टी-सांध्याला चालत नाही, एवढे तिने दाखवले. दोघांना एकच नाव देणारी भाषा हा फरक आपोआप सांगत नाही.

२२/
अमेरिकन शिस्तीचे कौतुक करताना थोडे सावध राहावे. त्यांच्याच देशात पाइपांच्या जोडतुकड्यांचे जे प्रसिद्ध मानक आहे, बी १६.९, त्याच्या शीर्षकात ‘बटवेल्डिंग’ हा शब्द दिमाखात बसला आहे. व्हाइटहाउसच्या नळीचा हा वारसा. नळीच्या व्यापाऱ्यांनी वेल्डिंग सोसायटीचा शेरा वाचला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला.

२३/
चिन्हांची भाषा शब्दांना वाचवते, असे वाटते. पण तीही दोन आहे. अमेरिकन पद्धतीत आडव्या रेषेच्या खाली काढलेले चिन्ह म्हणजे बाणाच्या बाजूचा वेल्ड, वर काढलेले म्हणजे पलीकडचा. युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत त्या रेषेला जोडून एक तुटक रेषा असते. सलग रेषेवरचे चिन्ह बाणाच्या बाजूचे, तुटक रेषेवरचे पलीकडचे. तुटक रेषा झेरॉक्समध्ये उडाली, की वेल्ड प्लेटीच्या उलट बाजूला जातो. शहाणे ड्रॉइंग ऑफिस म्हणून कोपऱ्यात तीन गोष्टी सुट्या लिहिते : सांधा कोणता, कडेची तयारी कोणती, भेद पूर्ण की अर्धवट. सुताराची तीन हत्यारे येथे तीन ओळी झाली.

२४/
जहाजाच्या गोदीत मात्र सीम आणि बट हे शब्द मूळ अर्थाने अजून जिवंत आहेत. पोलादी जहाजाच्या अंगावर लांबीच्या दिशेने जाणारा प्लेटींचा सांधा म्हणजे सीम, आडवा सांधा म्हणजे बट. लाकडी फळ्यांचा हिशेब पोलादात जसाच्या तसा उतरला. आणि गंमत अशी, की हे दोन्ही सांधे जोडले जातात ते बट वेल्डनेच. त्यामुळे ‘सीमचा बट वेल्ड’ हे विचित्र वाक्य जहाजबांधणीत अगदी बरोबर ठरते.

२५/
१७५६ च्या अखेरीस विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. पुढे आनंदराव धुळपांच्या आरमाराचे ते ठाणे झाले. १७८३ साली रत्नागिरीजवळ पकडलेले इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज याच बंदरात आणले गेले. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला, तोवर गुराबांचे युगही सरत आले होते.

२६/
पुढे १९७६ साली भारतीय नौदलात ‘विजयदुर्ग’ नावाची एक क्षेपणास्त्रनौका दाखल झाली. ती सोव्हिएत संघात बांधलेली होती. सोव्हिएत मानकांत सांध्याचे नाव लिहीत नाहीत. एक अक्षर आणि एक आकडा देतात. अक्षर सांगते भेट कशी आहे : एका पातळीत, काटकोनात, कोपऱ्यात की एकावर एक. आकडा सांगतो कड कशी कापली आहे आणि वेल्ड कोणत्या बाजूंनी आहे. काटकोनी सांध्याला तेथे बटचे अक्षर लागूच शकत नाही. गिर्येच्या गोदीपासून काही हजार मैलांवर, विजयदुर्गाचे नाव घेऊन समुद्रात उतरलेल्या नौकेच्या जोडणीत, भेट आणि तयारी पुन्हा वेगवेगळ्या खुणांनी नोंदली जात होती.